इजिप्त: सात दिवस, तीन पिढ्या आणि काचेतले राजे

ओजसला ममी बघायच्या होत्या, आईला पिरॅमिड, आणि मला शिल्लक रजा संपवायची होती. एवढ्या भांडवलावर जानेवारीत आम्ही तिघं इजिप्तला जाऊन आलो. मी, सांगलीहून आलेली माझी आई (वय ६९, गुडघे कुरकुरतात पण चालायला पक्की) आणि माझा बारा वर्षांचा मुलगा. नवऱ्याला सुट्टी मिळाली नाही, त्यामुळे बॅगा उचलायला कोणी नव्हतं, एवढीच काय ती अडचण. व्हिसा आणि बुकिंग नीट पार पडलं, त्यावर लिहिण्यासारखं काही नाही.

पिरॅमिडचे फोटो आणि उंटवाल्यांशी घासाघीस यावर भरपूर लोकांनी लिहिलंय. आमच्या ट्रिपमध्ये झालं असं की तिसऱ्या दिवशी आई एका दारात थांबली आणि आत यायला नाही म्हणाली, आणि मग पुढचे चार दिवस आम्ही त्याच एका गोष्टीवर बोलत राहिलो. त्यामुळे हे वर्णन थोडं त्या बाजूला कललेलं आहे, आधीच सांगून ठेवते.

दिवस पहिला, कैरो

दुपारी पोचलो. आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे, त्यामुळे दिवस संपता संपेना. थंडी! इजिप्त म्हणजे वाळवंट म्हणून मी ओजसचं एकच स्वेटर घेतलं होतं, संध्याकाळी वारा सुटल्यावर आईची शाल त्याच्या अंगावर आणि आई कुडकुडत. जानेवारीत जाणार असाल तर पुण्याच्या डिसेंबरला घालता तेवढे कपडे घ्याच.

हॉटेलच्या गल्लीतच कोशरीचं दुकान होतं. भात, मसूर, मॅकरोनी, हरभरे, वर तळलेला कांदा, टोमॅटोची आंबट चटणी आणि लसणाचं व्हिनेगरचं पाणी. आई म्हणाली उरलंसुरलं सगळं एकत्र केलंय, आणि मग स्वतःचा वाडगा संपवून ओजसच्या वाडग्यातही चमचा घातला. शाकाहारी माणसाचं इजिप्तमध्ये काही अडत नाही. कोशरी, फूल (बाकल्याच्या बियांची उसळच), तामेया म्हणजे त्यांचा फलाफल, आणि सगळ्याबरोबर फुगलेली गव्हाची रोटी, तिला 'ऐश' म्हणतात. ऐश म्हणजे जगणं पण आणि रोटी पण, एकच शब्द. हे हॉटेलच्या रिसेप्शनवरच्या मुलाने सांगितलं. आईला ते फार आवडलं.

रात्री ओजसने विचारलं, तू खरी ममी कधी बघितलीस? मी बघितली होती, बडोद्याला. लहानपणी मावशीकडे सुट्टीला गेलो की सयाजीबागेतल्या म्युझियममध्ये एक चक्कर ठरलेली. सयाजीराव महाराजांनी विकत आणलेली ममी तिथे आहे. मला आठवतं ते एवढंच, की आम्ही भावंडं काचेला नाक लावून उभे आणि मागून कोणीतरी 'हलली बघ' म्हणून ओरडलं आणि आम्ही किंचाळत पळालो. कोण होती, कुठली, काही विचारलं नाही. आम्हाला ती जत्रेतल्या भूतबंगल्यासारखीच होती.

दिवस दुसरा, गिझा

पिरॅमिड भव्य आहेत, फोटोत दिसतात त्याहून भव्य. आईने खुफूच्या पिरॅमिडच्या सगळ्यात खालच्या दगडाला हात लावला, दगड तिच्या खांद्याएवढा, आणि म्हणाली, कोणी उचलला असेल गं हा. बस. उंटावर बसलो नाही.

तिथून जवळच नवीन ग्रँड इजिप्शियन म्युझियम, २०२५ च्या नोव्हेंबरात रीतसर उघडलेलं. आत शिरल्या शिरल्या दुसऱ्या रामसेस राजाचा ११ मीटर उंच, ८३ टनी पुतळा. कोवळ्या वयात गेलेल्या तुतनखामेन राजाच्या थडग्यात सापडलेल्या पाच हजारांहून जास्त वस्तू आता इथे एकत्र आहेत. सोन्याचा मुखवटा, रथ, पलंग, अगदी कापडाचे लंगोट सुद्धा, ओजसला त्याचंच हसू. त्याने सगळीकडे शोधलं आणि मग वैतागून विचारलं, पण तो कुठाय? तो इथे नाही. तुत स्वतः लक्झरला, त्याच्या थडग्यातच आहे. दौलत एकीकडे आणि मालक पाचशे किलोमीटर लांब.

टीप: बऱ्याच ठिकाणी तिकीट खिडकीवर रोख घेत नाहीत, फक्त कार्ड. पण खिशात सुट्ट्या नोटा मात्र हव्यातच, बक्षीस द्यायला. बाथरूमचं दार उघडणारा, रस्ता दाखवणारा, न विचारता फोटो काढणारा, सगळे बक्षीस मागतात. चिडून उपयोग नाही.

दिवस तिसरा, फुस्तात

हा तो दिवस. कैरोच्या जुन्या भागात, फुस्तातला, संस्कृतीचं राष्ट्रीय म्युझियम आहे आणि राजेरजवाड्यांच्या ममी आता तिथे आहेत. आधी त्या तहरीर चौकातल्या जुन्या म्युझियममध्ये होत्या. ३ एप्रिल २०२१ ला २२ ममी, १८ राजे आणि ४ राण्या, वाजतगाजत मिरवणुकीने इकडे आणल्या. आमच्या टॅक्सीवाल्याला ती रात्र चांगली लक्षात होती. रस्ते बंद, सोनेरी रंगवलेल्या गाड्या, प्रत्येकीवर राजाचं नाव, आतमध्ये नायट्रोजन भरलेल्या पेट्या, आणि पोचल्यावर २१ तोफांची सलामी. तो म्हणाला, माझ्या लग्नाला एवढं ट्रॅफिक नव्हतं. मग जरा थांबून म्हणाला, पण टीव्हीवर बघताना रडू आलं, आपले राजे.

वरचं दालन आम्ही तिघांनी मिळून बघितलं. मग खाली जाणारा उतार लागतो, अंधारा, भिंती काळ्या, थडग्यात उतरल्यासारखं वाटावं म्हणून मुद्दाम तसं केलेलं. फोटो बंद, मोठ्याने बोलणं बंद. तिथे आई थांबली.

"तुम्ही या जाऊन. मी वर बसते."

मला वाटलं गुडघे. म्हटलं लिफ्ट असेल बघ. तर म्हणाली, "गुडघे नाही गं. झोपलेल्या माणसाच्या खोलीत कोणी असं जातं का. आणि तिकीट काढून."

ओजसचा चेहरा पडला. तिने त्याला सांगितलं, तू जा, बघून ये आणि मला सांग. तिचं म्हणणं बघू नका असं नव्हतंच, ती येणार नव्हती एवढंच.

मग आम्ही दोघं गेलो. आणि खरं सांगायचं तर मी सगळं बघितलं, नीट वाकून वाकून बघितलं. सेकेनेन्रे ताओ, त्याच्या कवटीवर कुऱ्हाडीचे घाव स्पष्ट दिसतात, तोंड वाकडं झालेलं, हाताची बोटं आखडलेली, लढाईत नाहीतर कैदेत मारलेला माणूस जसा मेला तसाच अजून आहे. अहमोस-नेफर्तारी राणी, म्हातारपणी केस विरळ झाले म्हणून दुसऱ्याच्या केसांच्या वेण्या गुंफून बसवलेल्या. हात्शेप्सुत, जिची ओळख २००७ मध्ये एका दाताच्या तुकड्यावरून पटल्याचं जाहीर झालं. पाचव्या रामसेसच्या चेहऱ्यावर देवीचे व्रण वाटावेत असे फोड. तिसऱ्या रामसेसचा गळा चिरलेला होता हे २०१२ मध्ये स्कॅनमधून बाहेर आलं, तीन हजार वर्षं पट्ट्यांखाली झाकलेला खून.

आणि दुसरा रामसेस. काल ज्याचा ११ मीटरचा पुतळा बघितला तो हा, एवढासा. नव्वदीच्या आसपास गेला, ६६ वर्षं राज्य केलं. केस पिवळट लालसर, मानेमागे मऊ, आजोबांचे असतात तसे. नाक बाकदार. ते नाक पट्ट्यांखाली चेपू नये म्हणून आत काळी मिरी भरलेली सापडली, आणि काळी मिरी तेव्हा उगवत होती ती आपल्याकडे दक्षिणेत, मलबारच्या बाजूला. म्हणजे इसवी सनापूर्वी १२१३ मध्ये हिंदुस्थानातली मिरी एका राजाच्या नाकात पोचली होती. ही गोष्ट मी आईला वर जाऊन सांगितली तेव्हा ती पहिल्यांदा हसली.

पण माझी नजर अडकली ती त्याच्या डाव्या हातावर. हात किंचित वर उचललेला आहे, काहीतरी थांबवायला उचलावा तसा. १ जून १८८६ ला इजिप्तच्या खेदिवासमोर, म्हणजे तिथल्या राज्यकर्त्यासमोर, मास्पेरो या फ्रेंच संशोधकाने याच्या पट्ट्या सोडल्या, पंधरा मिनिटांच्या आत. विधी करून पुरायला त्यांना सत्तर दिवस लागायचे आणि उलगडायला पाव तास. नखं अजून शाबूत आहेत. माझ्या बाबांची नखं शेवटी मीच कापायचे, हॉस्पिटलमध्ये, त्यांना स्वतःला जमायचं नाही म्हणून. तिथे मला पहिल्यांदा वाटलं की मी इतकं जवळून बघायला नको होतं. पण तरी बघत उभी राहिले, तेही खरं.

ओजस कुजबुजला, "आई, ह्याची स्किन खरी आहे?" हो म्हटलं. नंतर तो माझा हात धरूनच चालला, बारा वर्षांचा मुलगा, एरवी रस्ता ओलांडताना पण हात देत नाही.

दालन चांगलं केलंय, त्याबद्दल वाद नाही. प्रत्येक राजाला स्वतःची जागा, नाव, वंश, कसा गेला, सीटी स्कॅनमध्ये काय दिसलं. गर्दी होती पण कोणी दात काढत नव्हतं. सादात यांच्या काळात, १९८० च्या सुमाराला, जुन्या म्युझियममधली राजांच्या ममींची खोली चक्क बंद केली होती, राजांचा तमाशा नको म्हणून, आणि ती पुन्हा उघडली १९९४ मध्ये, ११ ममी घेऊन, जरा अदबीने मांडून. म्हणजे आईला पडलेला प्रश्न त्यांच्या राष्ट्राध्यक्षालाही पडला होता. मी वर आल्या आल्या तिला हे सांगितलं. ती बाहेर तळ्याकडे तोंड करून बाकावर बसली होती, शेजारी एक इजिप्शियन बाई, डोक्याला स्कार्फ, मांडीवर नातू. दोघींना एकमेकींची भाषा येत नाही, तरी त्या बाईने आईला सोललेलं संत्रं दिलं होतं आणि आईने तिला शेंगदाण्याची चिक्की.

दिवस चौथा

खान-अल-खलीली, कैरोचा जुना बाजार, कापडं, दिवे, अत्तरं, जास्वंदीचं लाल सरबत (करकदे, गरमही मिळतं, थंडीत गरमच घ्या). रात्री लक्झरची ट्रेन. ट्रेनमध्ये एसी एवढा की आईची शाल, माझी ओढणी आणि हॉटेलातून चुकून आलेला एक टॉवेल हे सगळं पांघरून झोपलो. टॉवेल परत पाठवलेला नाही, ओशाळवाणं आहे पण आहे.

जागी होते तेव्हा ओजसला शब्दाची गोष्ट सांगितली. ममी हा शब्द आला फारसी 'मूमिया' वरून, म्हणजे डांबरासारखा काळा पदार्थ, औषधी समजला जायचा, शिलाजीताचाच भाऊबंद. युरोपात लोकांना वाटलं ममींमध्ये तोच भरलाय, म्हणून शेकडो वर्षं ममी कुटून पावडर करून औषध म्हणून खाल्ल्या गेल्या. चित्रकार ममीच्या पुडीचा तपकिरी रंग वापरायचे. एकोणिसाव्या शतकात लंडनमध्ये तिकीट लावून, लोकांसमोर ममी उलगडायचे कार्यक्रम व्हायचे. ओजस म्हणाला, ई, माणूस खायचे? अंधारात आईचा आवाज आला, "झोपा आता."

दिवस पाचवा, लक्झर, पलीकडचा काठ

सकाळी साध्या फेरीबोटीने नाईल ओलांडली, लोकल माणसं, सायकली, कोंबड्यांची खुराडी, सगळ्यांबरोबर. टुरिस्ट मोटरबोटवाले मागे लागतात, लक्ष देऊ नका, फेरी स्वस्त आहे आणि मजा तिच्यातच. ऊन चढायच्या आत व्हॅली ऑफ द किंग्ज, म्हणजे राजांच्या थडग्यांची दरी, गाठा, साध्या तिकिटात तीन थडगी बघता येतात, तुतनखामेनचं तिकीट वेगळं.

आमचा गाईड पन्नाशीचा, गावचाच, डोंगराकडे बोट करून त्याने अब्द-अल-रसूल घराण्याची गोष्ट सांगितली. या घरातल्या माणसांना १८७१ च्या सुमाराला डोंगरात एक कपार सापडली, आत राजांच्या ममींचा ढीग. प्राचीन पुरोहितांनीच चोरांच्या भीतीने राजांना थडग्यांतून काढून तिथे लपवलं होतं. या लोकांनी दहा वर्षं गुपचूप एकेक वस्तू विकली. १८८१ ला सरकारला पत्ता लागला आणि ममी बोटीत घालून कैरोला निघाल्या. आणि तेव्हा नाईलच्या दोन्ही काठांवर गावोगावच्या बायका केस मोकळे सोडून, डोक्यावर माती टाकून, रडत रडत बोटीबरोबर चालल्या, पुरुषांनी बंदुका उडवल्या, अंत्ययात्रेला उडवतात तशा. कैरोच्या जकात नाक्यावर या मालाला कुठल्या सदरात टाकावं हे कारकुनाला कळेना, शेवटी सुकी मासळी म्हणून जकात लावली असाही किस्सा सांगतात. एका बाजूला सुकी मासळी, दुसऱ्या बाजूला त्या रडणाऱ्या बायका. त्यांना कोणी शिकवलं नव्हतं की हे आपले राजे, त्यांना फक्त दिसलं की प्रेतं चाललीत.

आई म्हणाली, "बरोबर केलं त्यांनी."

तुतनखामेनचं थडगं छोटंसं. आत एका भिंतीवर बारा वानरं रंगवलेली, आणि पहिल्या खोलीत डाव्या अंगाला काचेच्या पेटीत तो. अंगावर पांढरं कापड, फक्त चेहरा आणि पावलं उघडी. चेहरा कोळशासारखा काळा, वरचे दात जरा पुढे. वय १९ च्या आसपास. २००७ पर्यंत तो दगडी शवपेटीच्या आत, लोकांच्या नजरेआड होता, मग त्याला या काचेत ठेवलं. कारणं दिली होती हवा, ओल, बघ्यांच्या श्वासातली वाफ, आणि ती खोटी नाहीत. पण चेहरा उघडा ठेवायलाच हवा असं त्या कारणांत कुठे येत नाही.

गाईडने बाहेर जे सांगितलं ते आत डोक्यात घोळत होतं. १९२२ ला कार्टर या इंग्रज संशोधकाला थडगं सापडलं, आणि १९२५ च्या नोव्हेंबरात शव बाहेर काढताना ते राळेने पेटीला इतकं चिकटलेलं होतं की त्याचे तुकडे करावे लागले. डोकं मुखवट्याला चिकटलेलं, ते तापवलेल्या सुऱ्यांनी सोडवलं. मग सगळं वाळूच्या तबकात जुळवून ठेवलं. आता कापडाखाली जे आहे ते तसं जुळवलेलं आहे.

इथे मोबाईलला कोणी अडवत नव्हतं. एक जोडपं काचेजवळ वाकून सेल्फी घेत होतं, मुलीने ओठांचा चंबू केलेला. ओजस बघत राहिला आणि मला म्हणाला, "तो माझ्यापेक्षा सातच वर्षांनी मोठा आहे ना." मी म्हटलं हो. मग त्याने स्वतःचा मोबाईल खिशात घातला. मी काही बोलले नव्हते. आई बाहेर सावलीत.

त्या रात्री नदीपलीकडच्या एका घरगुती गेस्टहाऊसला राहिलो. मालकीणबाईंनी मुलुखिया केली होती, बुळबुळीत हिरवी पालेभाजी, लसूण-धण्याची चरचरीत फोडणी दिलेली. आईने वाटीने प्यायली, अळूच्या फदफद्याची बहीण म्हणाली. जेवताना मी गाईडने थडग्यातल्या लेखांबद्दल सांगितलेलं वाचून दाखवलं, म्हणजे टिपून घेतलं होतं ते. पुष्कळ थडग्यांच्या बाहेर येणाऱ्याजाणाऱ्यांना उद्देशून लिहिलेलं असायचं, की अरे इथून जाणाऱ्या जित्या माणसांनो, माझं नाव घ्या, आणि म्हणा, हजार भाकऱ्या, हजार घडे बिअर, याच्या आत्म्याला पोचोत.

"म्हणजे पान वाढा म्हणतात," आई म्हणाली. "आपल्या पितरांसारखंच की. घास मागतात ते. बघा म्हणून कुठे म्हणतात."

मला यावर उत्तर सुचलं नाही, तिथेही आणि आत्ता लिहितानाही. म्हणजे उत्तरं आहेत. त्यांचे रोग कळतात, नाती कळतात, डीएनएमधून कळलं की कोण कोणाची आई, या माणसांचं नाव आज शाळेतल्या पोराला पाठ आहे आणि नाव टिकणं हीच तर त्यांची इच्छा होती. पण हे सगळं झाकून ठेवूनही होतं. स्कॅन करायला तिकीट विकावं लागत नाही. हे मी म्हणते आणि मी स्वतः दोन तिकिटं काढून आत गेले होते, त्यामुळे माझं म्हणणं किती धरायचं ते तुम्ही ठरवा.

दिवस सहावा, लक्झर म्युझियम

हे म्युझियम नदीच्या रस्त्यालगत, छोटं, आणि मला सगळ्या ट्रिपमध्ये सगळ्यात आवडलं. गर्दी नाही, प्रकाशयोजना सुरेख. लक्झरला दोनच गोष्टींना वेळ असेल तर कर्नाकची देवळं आणि हे.

इथे दोन राजांच्या ममी आहेत हे मी आईला आधी सांगायला विसरले. दोन्हींच्या स्वतंत्र, अंधाऱ्या खोल्या. ती एका खोलीत चालत गेली आणि बघते तर समोर माणूस. मी मागून धावले, पण ती थांबली होती.

तो पहिला रामसेस, बहुतेक तोच. याची कथा ऐका. १८६० च्या आसपास याला कोणीतरी विकलं आणि तो पोचला थेट नायगारा धबधब्याशेजारच्या एका म्युझियममध्ये. तिथे लोक ज्यातून धबधब्यावरून उड्या मारायचे ती पिंपं, दोन तोंडांचं वासरू, असल्या चमत्कारांच्या रांगेत हा पडून होता, बिननावाचा. शतकाहून जास्त काळ. १९९९ ला ते म्युझियम मोडीत निघालं, अटलांटाच्या एका विद्यापीठाच्या म्युझियमने लोकवर्गणीतून इजिप्शियन वस्तू विकत घेतल्या, स्कॅन केले, छातीवर राजासारखे दुमडलेले हात बघितले, आणि हा राजा असावा असं ठरल्यावर २००३ मध्ये इजिप्तला भेट म्हणून परत पाठवला. पैसे न मागता.

आईने सगळं ऐकलं. ओजसने तिला पाटीवरचं नाव वाचून दाखवलं. मग ती म्हणाली, "ह्यांचे हात असेच ठेवले होते मी. गाडी आली तेव्हा."

आता इथे सांगायला हवं. माझ्या बाबांनी देहदान केलं. फॉर्म त्यांनी बऱ्याच आधी, धडधाकट असताना भरला होता, नातेवाईक म्हणून आईची सही आहे त्यावर. दोन वर्षांपूर्वी ते गेले, मेडिकल कॉलेजची गाडी आली, आणि झालं. अग्नी नाही, अस्थी नाहीत, दहाव्याला नदीवर जायचं नाही. कॉलेजकडून सर्टिफिकेट आलं, ते आईने कपाटात साड्यांखाली ठेवलंय. आम्ही त्यावर कधी फारसं बोललो नाही. मला वाटायचं तिला ते मान्य आहे, आणि आहेच. पण फुस्तातच्या त्या उतारावर तिला काय दिसलं असेल ते मला लक्झरला कळलं, तीन दिवस उशिरा.

बाहेर बाकावर बसल्यावर ती म्हणाली, "त्या पोरांनी ह्यांना बघितलं असेल, टेबलावर. त्याचं मला काही वाटत नाही, ह्यांनी स्वतः सही केली होती ना. डॉक्टर होणारी पोरं आहेत. पहिल्या दिवशी शपथ घेतात म्हणे, नमस्कार करतात. पण नाव नसतं ना तिथे. नुसता नंबर."

ओजसने विचारलं, "आजोबा पण काचेत आहेत?"

"नाही रे," ती म्हणाली. "आजोबा कामावर आहेत."

मी नाईलकडे बघत बसले. एक फेलुका, शिडाची होडी, वाऱ्याअभावी जागच्या जागी उभी होती आणि नावाडी वल्ह्याने तिला ढकलत होता.

संध्याकाळी तिने स्वतःहून म्हटलं, त्या दुसऱ्या राजाला पण बघून येऊ. तो पहिला अहमोस, सेकेनेन्रेचा मुलगा समजला जातो, म्हणजे त्या कुऱ्हाडीचे घाव बसलेल्याचा. बाप कैरोत आणि मुलगा इथे. ती दारातच उभी राहिली, आत गेली नाही, चपला मात्र काढल्या. गार्डने हातवारे करून घालायला सांगितल्या, तिने घातल्या. हात जोडले आणि परत फिरली. दहा सेकंद. आत काय झोपलंय हे तिने नीट बघितलं असेल असं मला वाटत नाही.

टीप: लक्झरला ममीकरणाचं छोटं म्युझियमही आहे, नदीकाठी. मिठात वाळवणं, आतडी काढायची हत्यारं, मांजर-मगरींच्या ममी, मुलांना पद्धत समजायला उत्तम. लहान मुलं घाबरट असतील तर राजांच्या दालनाऐवजी आधी इथे न्या.

दिवस सातवा

विमानाने कैरो, आणि तिथून मुंबई. एअरपोर्टवर आईने ऐशच्या चार रोट्या पिशवीत घेतल्या होत्या, सिक्युरिटीवाल्याने उघडून बघितल्या, वास घेतला, हसला, परत दिल्या. पुण्यात पोचेस्तोवर पापडासारख्या कडक झाल्या होत्या. तिने त्यांचा कुस्करा केला, कांदा-मिरची-दाण्याचं कूट घालून, आणि पहिला घास कावळ्याला गॅलरीच्या कठड्यावर. कोणासाठी ते मी विचारलं नाही.

बडोद्याला एकदा जायचंय. त्या ममीची पाटी कधी वाचलीच नाही मी.

सांगलीला परत जायच्या आधी आईने तिचा स्वतःचा देहदानाचा फॉर्म बाहेर काढला. घरून घेऊनच आली होती, चार महिने पर्समध्ये कोरा पडून होता. जेवणाच्या टेबलावर बसून भरला, आधार नंबर मी सांगितला. खाली जागा नव्हती म्हणून समासात, निळ्या पेनाने, बारीक अक्षरात एक ओळ लिहिली: 'फोटो काढू नयेत.' मी म्हटलं अगं असा कॉलम नसतो यात, चालणार नाही. ती म्हणाली, चालेल न चालेल ते त्यांचं त्यांनी बघावं, तू सही कर.

केली.